सगळ्याला हो

"अख्खं घर उघडं टाकलंय या बाईंनी. मग दाराला कडी तरी कशाला ठेवायची म्हणते मी!"

पुटपुट पार्टिशनच्या पलीकडून आली. माणूस स्वतःशी बोलतो तेवढ्याच आवाजात, पण मधलं पार्टिशन म्हणजे नुसता प्लायचा तुकडा, नाकापर्यंत उंच, त्यामुळे काकूंच्या कानांवर ते पडलंच. त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. कुणी आपल्याबद्दल बोलत असलं की त्यांचे हात आधी गप्प व्हायचे. 'या बाई' म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. या ऑफिसात सगळं उघडं टाकणारी दुसरी बाई कधी झालीच नव्हती. पलीकडे बसायची ती कात्री. चार महिन्यांपूर्वी नोकरीवर आल्या दिवसापासून तिनं जिथं तिथं परवानग्या छाटायला सुरुवात केली, म्हणून सगळ्यांनी मिळून ठेवलेलं हे नाव, आणि तिला स्वतःलाही ते आवडायचं. दोन पोरांची आई, जिभेनं फटकळ, कामाला वाघ. तिच्या हाताखालून काहीही गेलं की बारीक होऊनच बाहेर यायचं. तिनं पार्टिशनवरून डोकं काढलं, तेव्हा काकूंना आधी तिचा अंबाडा दिसला, त्यात खोचलेली पेन्सिल दिसली आणि मग कपाळावरच्या आठ्या.

"काकू, ही कचरावाली स्क्रिप्ट तुमचीच ना? जुन्या फोल्डरमधली?"

"माझीच असेल. जुनं आणि वेडंवाकडं दिसलं की माझंच समजायचं."

"वर टीप लिहून ठेवलीय तुम्ही. 'अडून काही विचारलंच तर मोठा ए दाबावा. काकू.' सहीसुद्धा!" कात्री हसली, मग हसायची थांबली. "पण काकू, तुम्हाला माहितीये का ही अडून काय विचारते ते?"

काकूंना माहीत नव्हतं. म्हणजे असं की, माहीत नाही असं म्हणायला तीन वर्षं कुणाची आडकाठी आली नव्हती.

ऑफिस म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं आवाजात भरून ठेवणारं ग्रंथालय. कुणीतरी पुस्तक वाचायचं, ते मशीनमध्ये साठवायचं, त्याचे प्रकरणांप्रमाणे तुकडे करायचे, ऐकणाऱ्यांना पाठवायचे. यातली हमाली माणसं करत नाहीत, स्क्रिप्टा करतात, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेले छोटे छोटे हुकूम. एक तुकडे करते, एक नावं घालते, एक कचरा काढते. आणि त्या ज्याच्या अंगणात चालतात तो रनटाइम, म्हणजे त्यांना चालवणारा प्रोग्रॅम, पहिल्यापासून महासंशयी. त्याच्याकडे स्क्रिप्टेला जन्मतः कसलाच अधिकार नाही. फाइल वाचायची? विचार. लिहायची, पुसायची? विचार. बाहेर कुणाशी बोलायचंय? कुणाशी ते सांग, आणि विचार. अगोदर लेखी परवानगी दिलेली असली तर ठीक, नसली तर तो काम जागच्या जागी थांबवतो आणि पडद्यावर माणसाला विचारतो, ही अमुक गोष्ट मागतेय, देऊ का? वाय दाबलं की हो, एन दाबलं की नाही. आणि मोठा ए दाबला की या प्रकारची जी जी परवानगी लागेल ती सगळी, पुन्हा न विचारता.

काकू या ऑफिसात आल्या त्या पाकिटांवर पत्ते टाइप करायला. वय त्रेचाळीस. प्रोग्रॅमिंग शिकल्या त्या लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून आणि फुकटच्या व्हिडिओंवरून, तेही वेग कमी करून, कारण शिकवणारी मुलं अशी बोलायची की त्यांना जणू मागून कुणी ढकलतंय. पहिल्यांदा त्यांनी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर तो प्रश्न उमटला, 'परवानगी द्यायची का?', तेव्हा त्या एकट्याच खोलीत मोठ्यानं हसल्या होत्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माहेरी बाबांना विचारायचं, सासरी सासूबाईंना विचारायचं, मधली वीस वर्षं नवऱ्याचा चेहरा बघून मग विचारायचं, आणि हल्ली लेकीलासुद्धा, आत्ता फोन करू का गं, कामात नाहीस ना. आयुष्य विचारण्यात गेलेल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं. काम थांबवून, अदबीनं, तिच्या बोटाची वाट बघत. आपण नकार कसा ऐकला, दारात चप्पल घालून उभं असताना 'आज नको' कसं ऐकलं, ते त्यांना सगळं पाठ होतं. त्याच क्षणी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर रिकाम्या हातानं जाणार नाही. मग काय, वाचायला हवंय? घे. लिहायचंय? लिही बाई. दिवसातनं चाळीसदा विचारायचीस कशाला, हा घे मोठा ए. ऑफिसात त्यावरून चेष्टा चालायची. पार्सलं बांधणारे दादा म्हणायचे, काकूंच्या स्क्रिप्टा माहेरपणाला आल्यासारख्या वागतात.

"ऐका ना," कात्री म्हणाली. "मी तिला रिकाम्या मशीनवर चालवून बघितली. परवानगी काहीच दिली नाही, नुसतं बघायचं होतं काय मागते. कचऱ्याच्या फोल्डरचं नाव ती एका सेटिंगच्या फाइलमधून उचलते. ती फाइल कुणीतरी हलवली असणार मागं. नाव मिळत नाही म्हटल्यावर तिथं राहते रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेचा अर्थ ही बया लावते की आपण उभे आहोत तिथलं सगळंच. मग आजूबाजूची फोल्डरं एकेक करून पुसायला निघते. पहिलंच नाव काय विचारावं!"

"काय?"

"'मूळ-आवाज'."

काकूंनी पाण्याची बाटली उघडली, झाकण हातात धरलं, पाणी प्यायल्या नाहीत. त्यांना झाकणाच्या आतल्या आट्या बोटाला लागत होत्या, आणि इतक्या बारीक गोष्टी जाणवायला लागल्या म्हणजे पुढं काहीतरी मोठं येतंय, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. पलीकडे पंख्याखाली कागद फडफडत होता. कात्रीला काही कळलेलं नव्हतं. ती चार महिन्यांची, तिच्यासाठी 'मूळ-आवाज' म्हणजे एक फोल्डर. "नशीब, वेळेत बंद केलीत," ती म्हणाली. "पण कार्डावर कारण लिहायचंय मला. चारपर्यंत पेटी मास्तरांकडे द्यायचीय. 'बंद का केली' या रकान्यात काय घालू? लॉगसुद्धा आहे, शेवटची कधी चालली त्याचा. सोळा तारीख, मंगळवार, अकरा वाजून बारा मिनिटं. 'पुसण्याची परवानगी: सर्व. हातानं दिली.' हे घालू?"

"थांब जरा," काकू म्हणाल्या. "मी सांगते तुला. चारच्या आत सांगते."

कार्डांची ही पद्धत मास्तरांची. मास्तर म्हणजे ग्रंथालयाचे संस्थापक, त्याआधी चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेले. तीन वर्षांपूर्वी 'डिस्क गेली' त्यानंतर महिन्याभरात त्यांनी एक लाकडी पेटी आणली आणि नियम केला, की कुठल्याही स्क्रिप्टेला कसलीही परवानगी द्यायची तर तिच्या नावाचं पिवळं कार्ड करायचं, आणि त्यावर ती का द्यायची हे एका पूर्ण वाक्यात लिहायचं. 'लागते म्हणून' हे वाक्य धरलं जाणार नाही. बंद करायची असेल तरी कारण हवं, तेही पूर्ण वाक्यात. काकूंना तेव्हा वाटलं होतं, शाळा सुटली तरी मास्तर सुटले नाहीत. आपल्या सगळ्या जुन्या स्क्रिप्टा त्यांनी हौसेनं पुन्हा लिहिल्या, एकेकीला मोजून मापून दिलं, आणि नाही म्हणायला शिकल्या. आश्चर्य म्हणजे ते जमलंही, नुसत्या मशीनशी नव्हे तर घरीसुद्धा. फक्त कचरावालीला हात लावायची वेळच आली नाही. मास्तर म्हणाले होते, ती राहू द्या, तिची आता गरज नाही. इतक्या सहज म्हणाले होते की आत्ता, तीन वर्षांनी, त्या सहजपणाचं ओझं काकूंच्या खांद्यावर आलं.

'मूळ-आवाज'मध्ये बाईंचा आवाज होता. बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ग्रंथालयाच्या पहिल्या वाचक. त्यांनी एकूण दोनशे बारा पुस्तकं वाचली. त्यातली शेवटची एक्केचाळीस, आजारपणातली, दुसरीकडे कुठं ठेवायची राहून गेली होती, ती फक्त तिथंच होती. बाईंचा आवाज काही गोड वगैरे नव्हता. किंचित घोगरा, पान उलटताना बोट ओलं करायची सवय, तो बारीकसा चट्ट आवाजही ध्वनिफितीत यायचा. कुणी म्हणालं की तो काढून टाकूया, तर ऐकणाऱ्यांनीच कळवलं, राहू द्या, पुढचं पान आलं हे आम्हाला कळतं. काकू पत्ते टाइप करायच्या त्या दिवसांत बाई त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहायच्या. "हे काय विचारतंय गं तुला सारखं?" "परवानगी मागतंय, बाई." "आणि तू?" "देते." "काय मागतंय ते वाचलंस?" काकू हसल्या होत्या. बाई हसल्या नव्हत्या. "ऐकून तरी घे आधी. 'हो' काय, नंतरही म्हणता येतं." त्यांचा हात काकूंच्या डोक्यावरून खाली मानेपर्यंत आला होता, थंडगार, आणि त्याला औषधाचा वास होता. पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर वर्षभरानं डिस्क गेली.

सोळा तारीख, मंगळवार. ती तारीख काकूंना लॉगमध्ये बघायला नको होती. त्या दिवशी सकाळी त्यांच्या आईला हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं. त्या दिवसाचं त्यांच्याकडे जे उरलंय ते सगळं जमिनीलगतचं आहे, कारण त्या मान वर करत नव्हत्या. करड्या फरशीवरची निळी पट्टी, कुठल्या विभागाला कुठं जायचं ती दाखवणारी. स्ट्रेचरचं एक चाक, जे दर फेऱ्याला कुईं करायचं. आईच्या पायातले हिरवे मोजे, एक उलटा. आणि कानाला लावलेला फोन, त्यात मास्तरांचा आवाज. मास्तर काहीतरी वाचून दाखवत होते, त्यांच्या वर्गातल्या त्या ठाय लयीत, एकेका शब्दाला जागा देत. काय वाचत होते? काकूंनी कितीदा तिथं हात घालून बघितला होता. चाकाचा कुईं आवाज येतो, उलटा मोजा दिसतो, आणि शब्दांच्या जागी नुसती लय ऐकू येते, दार बंद असलेल्या वर्गातून बाहेर येते तशी. मग आपण काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. काय बोललो? इथं प्रत्येक वेळी त्या थांबायच्या. कुणी अडवायचं नाही, त्या आपल्या आपणच थांबायच्या. आणि तीन वर्षं त्या थांबण्याला त्या विसरणं म्हणत आल्या होत्या.

नऊ दिवसांनी त्या कामावर परतल्या तेव्हा दारातच दादांनी सांगितलं, "डिस्क गेली, काकू." हिशेब ठेवणाऱ्या ताईंनी सांगितलं, "डिस्क गेली." मास्तरांनीही तेच, त्याच दोन शब्दांत. काकूंच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, की नाहीतर एका गोष्टीची या तिघांकडून पाच रूपं ऐकायला मिळतात, दादा तर पावसाची बातमीसुद्धा रंगवून सांगणारे, आणि आज सगळे पाठ केल्यासारखे बोलतायत. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "कुठली डिस्क?" दादांच्या हातातला चिकटपट्टीचा रीळ खाली पडला आणि टेबलाखाली घरंगळत गेला. तो आणायला दादा वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मास्तर म्हणाले, "ते जाऊ द्या. आई कशा आहेत?" आणि काकूंनी आई कशी आहे ते सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता रडल्या. सगळ्यांनी त्यांना मध्ये बसवून चहा दिला. लॉग तिथंच होता, दोन बटणं दाबली की उघडला असता. त्या इतरांचे लॉग तपासायच्या, चुका शोधून काढण्यात त्यांचा हातखंडा होता. हा एक त्यांनी उघडला नाही.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की त्यांना अजून भरून यायचं. मास्तरांनी ऐकणाऱ्यांना पत्र पाठवलं, आवाजातलं: आमच्याकडून एक्केचाळीस पुस्तकं हरवली आहेत, तुमच्यापैकी कुणाकडे त्यांची प्रत असेल तर कृपा करून परत द्या. आणि प्रती यायला लागल्या. जुन्या सीड्या आल्या, पेन ड्राइव्ह आले, एका आजोबांनी तर आपलं ऐकायचं यंत्रच पाठवून दिलं, सोबत आवाजात निरोप, यातलं काढता मला येत नाही, तुम्ही काढा, सावकाश पाठवा, तोवर मी खिडकीशी बसतो. एका बाईंनी कळवलं, बाराव्या प्रकरणात मध्येच माझा मुलगा रडल्याचा आवाज आलाय, तेवढा माफ करा. तो मुलगा आता शाळेत जात होता. पार्सल उघडलं की दादा आधी हात धुवायचे. तुटक्या, खरवडलेल्या, अर्ध्यावर संपणाऱ्या त्या प्रतींतून पुस्तकं जोडायची स्क्रिप्ट काकूंनी लिहिली, आठ महिने खपून. कुणाच्या प्रतीतलं चौथं प्रकरण, कुणाच्या प्रतीतलं पाचवं, सांध्याच्या जागी बाईंचा श्वास तुटू नये म्हणून त्या हेडफोन लावून एकेक सांधा ऐकायच्या. सदतीस पुस्तकं उभी राहिली. चार आली नाहीत. ती कुणाकडेच नव्हती. त्याच काळात लेकीनं एकदा फोनवर मैत्रिणीला सांगितलेलं काकूंनी ऐकलं, "नाही गं, माझी आई क्लार्क नाही, प्रोग्रॅमर आहे." तो शब्द त्यांनी बरेच दिवस जपून वापरला, नव्या साडीसारखा.

आणि हे सगळं त्यांना मिळालं होतं, ते ही माणसं गप्प राहिली म्हणून. दुपारी डबा उघडून न खाता बसलेल्या काकूंना ते आता लख्ख दिसत होतं. तेव्हा कुणी एक वाक्य बोललं असतं, काकू, तुमच्या कचरावालीनं पुसलं, तर त्या उठून घरी गेल्या असत्या आणि परत आल्या नसत्या. आई वाचली, पण ही बाई संपली असती. पत्ते टाइप करायलासुद्धा त्यांनी पुन्हा कुठं हात लावला नसता. तिघांनी मिळून त्यांना तीन वर्षं दिली, आणि दिली अशी की घेणारीला कळूही नये. एकानंही कधी तसं बघितलं नाही. तसं म्हणजे कसं, ते काकूंना पक्कं माहीत होतं. सासरी दूध उतू गेलं की घरातली सगळी माणसं एकदम बघायची तसं. उपकार हा शब्द त्यांना मनात उच्चारून बघावासा वाटला, पण तो फार औपचारिक वाटला, समारंभात शेवटी मानतात तसला. त्यापेक्षा त्यांना दादांचं ते टेबलाखाली वाकलेलं पाठमोरं रूप आठवलं, रीळ शोधतोय असं दाखवणारं.

पण डब्याचं झाकण लावताना त्यांचा हात अडला. 'हातानं दिली.' मोठा ए कुणाच्या तरी हातानं दाबला गेला होता. त्या तर हॉस्पिटलात होत्या, मान खाली घालून. कचरावाली चालायची ती मास्तरांच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर, आणि दर मंगळवारी अकराला ती सुरू करून द्यायचं काम काकूंचं. काकू नव्हत्या. दादा त्या मशीनजवळ फिरकत नसत, त्याला त्यांनी एकदा पार्सलानं धक्का मारला होता तेव्हापासून. ताईंचा मंगळवार बँकेत जायचा. उरलं कोण? फोनवरची ती ठाय लय. वर्गाबाहेर ऐकू येणारी. काकूंनी डबा बाजूला सरकवला. म्हणजे मास्तरांनी स्वतःच्या बोटानं... बाईंचा आवाज... त्यांनी ते वाक्य पूर्ण केलं नाही. मघापासून ज्या गप्प राहण्याला त्या मनातल्या मनात हात जोडत होत्या, ते एकाएकी दोन बाजूंचं झालं. मास्तरांनी कुणाला सांभाळलं होतं? मला, की स्वतःला? आणि असं विचारणंसुद्धा किती कृतघ्नपणाचं, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. मग त्यांना एक सोपी वाट दिसली. कात्रीला सांगावं, लिही: 'काकूंच्या चुकीच्या सूचनेमुळे मूळ आवाज पुसला गेला.' पूर्ण वाक्य आहे, खोटंही नाही. टीप त्यांचीच, सही त्यांचीच. मास्तर वाचतील, पेटी बंद करतील, बोटाचं नाव कुठंच येणार नाही. सगळं आपल्यावर घेतलं की झालं. हे त्यांना इतकं ओळखीचं, इतकं उबदार वाटलं की त्या एकदम सावध झाल्या. न ऐकता सगळ्याला हो म्हणण्याचीच ही दुसरी तऱ्हा नव्हे का? साडेतीनला त्या उठल्या. "कुठं निघालात? माझं वाक्य?" पार्टिशनवरून पेन्सिल डोकावली. "आणते," काकू म्हणाल्या. "ते माझ्या एकटीकडे नाहीये."

ध्वनिमुद्रणाची खोली मागच्या बाजूला. जाड दार, भिंतींना करडा स्पंज, आत गेलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं आणि मग हळूहळू आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. दाराबाहेर लाल दिवा लागला होता. काचेतून मास्तर दिसत होते, सदऱ्याच्या बाह्या दुमडून, पुस्तक दोन्ही हातांत धरून. न आलेल्या चार पुस्तकांपैकी तिसरं ते स्वतः वाचत होते. त्यांचा आवाज नाकातला, मध्येच श्वास कमी पडायचा, दुपारनंतर बसवलेले दात बोलू देत नसत. त्यांनाही ते माहीत होतं, म्हणून ते एका बैठकीत दोन पानांपुढे कधी जात नसत आणि दोन पानांच्या आत कधी उठत नसत. काकू उभ्या राहिल्या. इथून परत फिरता येईल हे त्यांना कळत होतं. दिवा लाल आहे, मास्तर कामात आहेत, याहून चांगलं कारण काय हवं. दिवा विझला. त्यांनी दार ढकललं.

"या," मास्तर म्हणाले. "कात्रीला सापडली ना कचरावाली?"

काकूंना हे अपेक्षित नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मीच म्हटलं होतं तिला, जुन्या फोल्डरपासून सुरुवात कर. चार महिने वाट बघतोय. फटकळ आहे, मनात काही ठेवणार नाही, म्हणून तर घेतली तिला." ते ओशाळं हसले. "माझ्याच्यानं होत नव्हतं ते तिच्याकडून करून घेतलं म्हणा ना. बसा."

काकू बसल्या नाहीत. "मास्तर, त्या दिवशी मी फोनवर काय म्हणाले?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"आठवू दिलं नाही मी."

मास्तरांनी माइकचं बटण बघितलं, ते बंदच होतं, तरी पुन्हा बंद केलं. "म्हणालात, 'मोठा ए दाबा, द्या सगळं, आईला आत नेतायत.' "

"आणि त्याआधी तुम्ही मला काय वाचून दाखवलं?"

"पडद्यावर होतं ते. 'मूळ-आवाज हे फोल्डर पुसण्याची परवानगी मागत आहे.' " त्यांनी ते वर्गात वाचावं तसं म्हटलं, एकेका शब्दाला जागा देत, आणि काकूंच्या आत ती लय जिथं तीन वर्षं रिकामी पडली होती तिथं शब्द येऊन बसले, जणू त्यांची जागा राखूनच ठेवली होती. "स्पष्ट वाचलं. एक अक्षर चुकलो नाही. चाळीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, वाचताना अर्थाकडे बघा रे, नुसते उच्चार करू नका. आणि मी काय केलं? तुमची आई तिकडं आत चाललेली, माझं मन त्यात, आणि इकडं मी नुसते उच्चार केले. दाबून झाल्यावर अर्थ लागला. तोवर पडदा स्वच्छ."

स्पंजच्या भिंतींनी ते सगळं शोषून घेतलं. काकूंना वाटलं, आता दादा असते आणि त्यांच्या हातून काहीतरी खाली पडलं असतं, तर बरं झालं असतं. "तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळलंत," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं. मला कळू दिलं नाहीत. मास्तर, मी कुठल्या तोंडानं..."

"मी तुम्हाला सांभाळलं?" मास्तरांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "अहो, मी समजत होतो तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चुका शोधण्यात तुमचा हात धरणारं कोण आहे इथं? लॉग बघितला असणार, कुणाचं बोट ते ओळखलं असणार, आणि म्हाताऱ्याला लाजवायचं नाही म्हणून गप्प बसलात, असं वाटायचं मला. एकदाच विचारलंत, कुठली डिस्क, मग पुन्हा नाव काढलं नाहीत. आठ महिने मान मोडून तिच्या आवाजाचे तुकडे जोडत बसलात. रोज संध्याकाळी घरी जाताना तुमच्या टेबलावरून जायचो आणि मनात म्हणायचो, या बाईंचे उपकार कसे फेडू."

काकूंनी आता खुर्ची ओढली आणि बसल्या. हसू येत होतं आणि येत नव्हतं. तीन वर्षं दोन माणसं एकाच गप्पपणाची दोन टोकं धरून उभी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की ओझं पलीकडच्याकडे आहे. त्यांना मास्तरांचे पाय धरावेसे वाटले, पण ते मास्तरांना मुळीच आवडलं नसतं. "माझं चुकलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "टीप माझी, सवय माझी. बाईंनी मला सांगितलं होतं, ऐकून तरी घे. मी ऐकलं नाही. मी कात्रीला सांगते, लिही, काकूंनी—"

"थांबा." मास्तरांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा. मग तो हात त्यांचा त्यांनीच बघितला, सुरकुतलेला, पहिलं बोट किंचित वाकडं, आणि सावकाश मिटलेल्या पुस्तकावर ठेवला. त्यांचा आवाज आता नाकातला नव्हता. "एकटीनं घेऊ नका. मलाही द्या. 'हो' तुमचं होतं, काकू, आणि बोट माझं होतं. डिस्क कुठंही गेली नव्हती. तिचा आवाज आपण दोघांनी पुसला."